साडेतीन महिन्यांचं बाळ आणि सव्वाचार वर्षांची ताई: दोघांना घेऊन कुठे आणि कसं फिरायचं?

पिल्लांची_आई | ३ डिसेंबर, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी, इथे वाचते रोज पण लिहिते कमी, आज मात्र विचारायलाच हवं म्हणून दोघं झोपल्यावर बसलेय. घरात साडेतीन महिन्यांचा मुलगा आणि सव्वाचार वर्षांची मुलगी. बाळंतपण माहेरी झालं, अडीच महिन्यांनी पुण्याला परत आलो. तेव्हापासून मी फक्त डोस द्यायला दवाखान्यात गेलेय, बाकी घर एके घर. त्याचं मला फार काही नाही, पण परवा मुलगी खिडकीत बसून म्हणाली, "आई, बाळ मोठं होऊन शाळेत जाईल ना, तेव्हा आपण बागेत जाऊ या." अगदी शहाण्यासारखं, तक्रार न करता. मला एकदम भरून आलं. आधी दर रविवारी कुठेतरी जायचो आम्ही तिला घेऊन.

तर नवऱ्याच्या मित्रांचा ग्रुप नाताळच्या आठवड्यात महाबळेश्वरला चाललाय, दोन रात्री, चार कुटुंबं. नवरा म्हणतो जाऊया, गाडी आपलीच आहे. सासूबाई म्हणतात सहा महिन्यांशिवाय बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. डॉक्टर म्हणाले ६, १० आणि १४ आठवड्यांचे डोस झालेत, वजन छान आहे, गर्दी टाळून जा. मुलीला घाटात गाडी लागते हे अजून एक. काय करू? कुणी इतक्या लहान बाळाला आणि मोठ्या मुलाला एकत्र घेऊन गेलंय का?

भटका_बाबा | ४ डिसेंबर, सकाळी ७:१०

ताई, जा नक्की, पण नाताळात महाबळेश्वर नको. कळकळीने सांगतो. आम्ही हेच केलं होतं, धाकटी चार महिन्यांची आणि मोठा पाच वर्षांचा. पसरणी घाटात गाड्यांची रांग लागली आणि आम्ही अडीच तास जागचे हललो नाही, धाकटी भुकेने रडतेय, मोठ्याला उलटी, रस्त्याला गाडी बाजूला घ्यायला जागा नाही. बायकोने तिथेच मागच्या सीटवर पाजलं, पण ती स्वतः इतकी दमली की वर पोचल्यावर दोन दिवस रूमवरच झोपून होती. चार कुटुंबांचा ग्रुप म्हणजे सगळे तयार होईपर्यंत अकरा वाजतात आणि तुमच्या बाळाची झोपेची वेळ कुणासाठी थांबत नाही.

आमच्याकडे त्यानंतर एक नियम झाला. एका दिवशी एकच जागा, आणि गाडीत दोन तासांपेक्षा जास्त नाही. बाकी सगळं मग आपोआप बसतं.

कोकणची_माहेरवाशीण | ४ डिसेंबर, सकाळी ९:३२

+१. घाट टाळा आत्ता. मुलीला गाडी लागते तर निघताना दूध अजिबात देऊ नका, कोरडं काहीतरी द्या, चुरमुरे, खाकरा, टोस्ट. आणि मोबाईलवर कार्टून लावून देऊ नका, खाली बघितलं की जास्त मळमळतं. मधल्या सीटवरून समोरचा रस्ता दिसेल असं बसवा.

सुतळी_गोधडी | ४ डिसेंबर, दुपारी २:०५

पोरी, मी आजी आहे, माझी धाकटी नात आत्ता दहा महिन्यांची. तुझ्या सासूबाईंची बाजू थोडी सांगते, रागावू नकोस. आमच्या वेळेला सव्वा महिना बाळबाळंतीण बाहेर पडत नसत त्याला कारण होतं. घरात येणारी माणसं चार, बाहेर खोकणारी चाळीस, आणि औषधं आजच्यासारखी हाताशी नव्हती. ती भीती अंगात मुरलेली असते, ती हट्ट म्हणून बघू नकोस.

पण आता सव्वा महिना होऊन कधीच गेला, डोस झालेत, डॉक्टर हो म्हणतात. मग तू असं कर, सासूबाईंना बरोबरच ने. त्यांच्या मांडीवर बाळ राहिलं की तुला मुलीचा हात धरता येईल. माझ्या सुनेने मला असंच नेलं होतं आणि खरं सांगते, नऊवारातल्या जुन्या मऊ लुगड्याची चौपदरी घडी मी बरोबर घेतली होती ती अंथरायला, पांघरायला, आडोसा करायला आणि शेवटी ओकारी पुसायला, सगळ्याला कामी आली. कुंची मात्र थंडीतच घाल, उन्हात घाम येऊन बाळ किरकिर करतं. थरांमध्ये कपडे घाल, म्हणजे एकेक काढता येतात.

डच_गावची_सून | ४ डिसेंबर, संध्याकाळी ६:२०

एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. कार सीट, म्हणजे गाडीत बांधायची लहान मुलांची वेगळी खुर्ची, आहे का तुमच्याकडे? मी नेदरलँड्समध्ये असते, इथे १३५ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीचं मूल सीटशिवाय गाडीत बसवताच येत नाही, आणि नव्या नियमाच्या सीटमध्ये बाळ निदान पंधरा महिन्यांपर्यंत मागे तोंड करूनच बसवायचं. त्याचं कारण असं की बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान कच्ची, जोरात ब्रेक लागला की पुढे तोंड असलेल्या बाळाची मान झटका खाते, उलट्या बसलेल्या बाळाला सगळी पाठ सीटने सांभाळली जाते. आणि पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना उलटी सीट कधीच लावायची नाही, मागच्याच सीटवर.

भटका_बाबा | ४ डिसेंबर, संध्याकाळी ७:०२

अगदी बरोबर. आपल्याकडेही २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची सीट नसेल तर एक हजार दंड आहे. माहीत फार कमी लोकांना आहे.

सांगलीकर_मावशी | ४ डिसेंबर, रात्री ९:१५

सगळं खरं पण आमच्यासारख्या एसटीने जाणाऱ्यांनी काय करायचं. आमच्याकडे गाडी नाही. माझी दोन्ही मुलं मांडीवर बसून सांगली ते पंढरपूर, सांगली ते कोल्हापूर फिरली आणि आमचं फिरणं तेवढंच होतं पण होतं. बाळंतिणीने घरात कोंडून घ्यावं का गाडी नाही म्हणून? मला कार सीटवाल्यांना नावं ठेवायची नाहीत, फक्त सगळ्यांच्या परिस्थितीचं लिहा एवढंच म्हणणं.

एसटीचं सांगते. मोठ्या स्टँडवर हिरकणी कक्ष असतो बाळाला पाजण्यासाठी, दिसला नाही तर चौकशी खिडकीवर विचारा, दाखवतात. ड्रायव्हरच्या मागच्या दोन-तीन ओळींत बसा, मागे दणके फार बसतात. आणि बाळाला सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी देऊ नका प्रवासात तहान लागली असेल म्हणून, अंगावरचंच दूध दोन वेळा जास्त द्या. तहान आईला लागते, पाण्याची बाटली आईची भरलेली पाहिजे.

डच_गावची_सून | ४ डिसेंबर, रात्री १०:०१

मावशी, तुमचं बरोबर आहे, मी गाडी असणाऱ्यांपुरतंच लिहिलं होतं, ते स्पष्ट करायला हवं होतं. एसटी किंवा रेल्वेत बाळ छातीशी बांधून घेतलेलं उत्तम. फक्त दुचाकीवर मध्ये बाळ धरून जाऊ नये कुणी, ते मला फार भीतीदायक वाटतं.

सांगलीकर_मावशी | ४ डिसेंबर, रात्री १०:२०

दुचाकीचं एकदम मान्य. माझ्या जावेने केलं होतं तेव्हा मी बोलले होते तिला.

लोकलची_राणी | ५ डिसेंबर, सकाळी ११:४४

मुंबईतून कुणी वाचत असेल तर आमचं ठिकाण राणीबाग. भायखळा स्टेशनवरून चालत. बुधवारी बंद असते, सुट्टीच्या दिवशी प्रचंड गर्दी, म्हणून आम्ही मंगळवारी सकाळी उघडल्या उघडल्या जातो, नवरा त्या दिवशी उशिरा ऑफिसला जातो. पेंग्विन बघायला मोठीला आत घेऊन एकजण जातो, दुसरा बाळाला घेऊन बाहेर झाडाखाली. जुनी झाडं इतकी मोठी आहेत की बाळ वर पानांकडे बघत पाऊण तास शांत पडून राहतं. स्ट्रोलर चालतो रस्त्यांवर. एकच सांगते, ऊन लागतंय म्हणून स्ट्रोलरवर दुपट्टा टाकून पूर्ण झाकू नका, आत हवा खेळत नाही आणि भट्टी होते. छत्री धरा किंवा सावलीत न्या.

कात्रजचं प्राणिसंग्रहालयपण बुधवारीच बंद असतं ना? पुणेकर सांगतील.

पिल्लांची_आई | ५ डिसेंबर, दुपारी १:३०

हो, बुधवारीच. सगळ्यांचे खूप आभार, एवढ्या लोकांनी मनापासून लिहिलंय. महाबळेश्वरला नाही म्हणून कळवलं, नवरा थोडा हिरमुसला पण भटका_बाबांचा प्रतिसाद वाचायला दिला. उलटी बसवायची सीट नणंदेकडे आहे, तिचा मुलगा मोठा झाला, ती देतेय. अपघातात सापडलेली नाही ना आणि मुदत संपलेली नाही ना ते विचारून घेतलं. सासूबाईंना बरोबर न्यायचं मला सुचलंच नव्हतं, आजी, खरंच.

मुलीचं सांगा ना कुणीतरी. ती रडत नाही, हट्ट करत नाही, तेच मला जास्त लागतंय.

शाळेतली_बाई | ५ डिसेंबर, रात्री ८:५०

मी बालवाडीत शिकवते, वीस वर्षं झाली. धाकटं भावंडं आलेली मुलं दरवर्षी दोन-तीन असतातच वर्गात. एक वाक्य घरातून पूर्ण काढून टाका, "बाळामुळे नाही." बाळ झोपलंय म्हणून गाणं नाही, बाळाला बाधेल म्हणून बाग नाही, बाळ रडेल म्हणून आत्ता गोष्ट नाही. मोठी माणसं सहज बोलून जातात आणि चार वर्षांचं मूल त्याचा हिशोब मांडतं, की बाळ आहे तोवर आपलं काही नाही. तुमची मुलगी तेच म्हणाली बघा, बाळ शाळेत जाईल तेव्हा जाऊ. तिने स्वतःचा नंबर शेवटी लावून टाकलाय.

त्याऐवजी खरं कारण सांगा ज्यात बाळ नाही. "आज आई दमलीये, उद्या सकाळी जाऊ" आणि मग उद्या जायचंच. आणि ट्रिप आखताना जागा तिला निवडू द्या, दोन पर्याय देऊन. बाळाला कुठेही नेलं तरी त्याला काय, दूध, झोप, सावली आणि आईचा वास मिळाला की झालं. सहल खरी मोठ्या मुलाची असते. तिच्या मापाने आखा. तिला एक पिशवी द्या स्वतःची, त्यात तिचा खाऊ, तिची टोपी, आणि बाळाचं एक दुपटं सांभाळायला. बाळाला सांभाळ म्हणू नका, दुपटं सांभाळ म्हणा. बाळ सांभाळणं हे तिचं काम नाही.

आणि एक, ट्रिपमध्ये निदान अर्धा तास ती आणि आई दोघीच. बाळ तेव्हा बाबाकडे किंवा आजीकडे.

कोकणची_माहेरवाशीण | ५ डिसेंबर, रात्री ९:१२

बाई, किती छान लिहिलंत. मी आत्ता जाऊन माझ्या मोठ्याच्या केसांतून हात फिरवून आले, झोपलाय तो.

पिल्लांची_आई | ८ डिसेंबर, रात्री १०:३०

पहिला अपडेट. काल रंगीत तालीम म्हणून एम्प्रेस गार्डनला गेलो, सकाळी साडेआठला. मुलीला विचारलं सारसबाग का एम्प्रेस, तिने एम्प्रेस सांगितलं कारण तिथे जाड वेली आहेत ज्यांना तिला धरून बघायचं होतं. दीड तास होतो. बाळ छातीशी बांधायच्या कॅरिअरमध्ये झोपलं. कॅरिअर बांधताना मावसबहिणीने शिकवलेलं लक्षात ठेवलं, हनुवटी छातीला टेकलेली नको, नाकतोंड दिसत राहिलं पाहिजे, आणि मान खाली केली की त्याच्या कपाळाची पापी घेता आली पाहिजे इतकं वर. 

चूक एकच झाली, मी बाळाचे चार जोड घेतले आणि माझा एकही नाही. दूध बाहेर काढलं त्याने माझ्याच अंगावर. घरी येईपर्यंत तसंच.

सुतळी_गोधडी | ९ डिसेंबर, सकाळी ६:४०

आईचा एक जोड कायम गाडीत ठेवायचा बाळा. आणि मुलीचाही.

कृष्णाकाठचा | ९ डिसेंबर, सकाळी १०:१८

उशिरा वाचला धागा. महाबळेश्वर रद्द केलंत ते चांगलं, पण मग घाटाच्या पायथ्याशीच थांबा की, वाईला या! पुण्याहून नव्वद किलोमीटरच्या आसपास, पसरणी घाट चढायचाच नाही. खंबाटकी तेवढा लागतो, तो छोटा. शनिवार-रविवार सोडून या, नाताळाच्या आधी या.

मुलीला ढोल्या गणपतीच्या देवळामागे न्या. मागची भिंत माशाच्या आकाराची बांधलीये, कृष्णेला पूर आला की पाणी दोन बाजूंनी फाटून जावं म्हणून. मग धोमला महादेवाच्या देवळात न्या, तिथे नंदी कासवाच्या पाठीवर बसलाय आणि भोवती कमळासारखं दगडी कुंड. लहान मुलांना हे दोन्ही समजतं, वेगळं काही सांगावं लागत नाही. मेणवलीच्या घाटावर मोठी घंटा आहे, वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांकडून आणलेल्या घंटांपैकी. नाना फडणवीसांचा वाडापण तिथेच. पण एका दिवशी एकच जागा म्हणताय तर मेणवली आणि धोम दोन्ही करू नका, रस्ता एकच असला तरी. पायऱ्या आहेत सगळीकडे, स्ट्रोलर घरीच ठेवा. पाण्याजवळ मुलीचा हात सोडू नका, घाटाच्या शेवटच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात.

पिल्लांची_आई | १८ डिसेंबर, रात्री ११:१५

मंडळी, जाऊन आलो! सविस्तर लिहिते कारण तुमच्यामुळे झालं.

मंगळवारी गेलो, नवऱ्याने रजा टाकली. सासूबाई आल्या!! आदल्या दिवसापर्यंत नाही म्हणत होत्या, मी त्यांना फक्त एवढंच म्हटलं की तुम्ही नसाल तर मला मुलीबरोबर बसता येणार नाही, तर रात्री स्वतःच दुपट्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली. सकाळी साडेसहाला निघालो, मुलीला चुरमुरे, गाडी अजिबात लागली नाही, खंबाटकीत "पुढे बघ, झाडं मोज" करत गेलो. बाळाला खेड शिवापूरच्या पुढे एकदा थांबून सीटमधून काढलं, पाठ मोकळी केली, पाजलं, परत बसवलं. जिथे थांबलो तिथे पाजायला जागा नव्हती, गाडीतच काच वर करून सासूबाईंनी साडीचा पदर खिडकीला धरला. माझी आई जसं करेल तसं.

मुलीने धोम निवडलं, कासवामुळे. मेणवली राहिली, राहू दे. देवळात त्या वेळी आम्ही आणि एक पुजारी काका एवढेच. ती कासवाभोवती किती वेळा फिरली मोजलं नाही. मग शाळेतली_बाईंनी सांगितल्याप्रमाणे बाळ सासूबाईंकडे दिलं आणि आम्ही दोघी कुंडाच्या कडेला बसलो. मला वाटलं ती काहीतरी मनातलं बोलेल. काही बोलली नाही. तिच्या पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू काढला, अर्धा मला दिला, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली, जशी पूर्वी पडायची. साडेतीन महिन्यांत त्या मांडीवर सतत बाळच होतं हे मला तिथे लक्षात आलं.

दुपारी वाईत ढोल्या गणपतीला जायचं होतं पण बाळ किरकिरं झालं, अंग गरम वाटलं म्हणून थर्मामीटर लावला (तो बरोबर घ्या सगळ्यांनी), ताप नव्हता, एक स्वेटर जास्त होता फक्त. तरी परत फिरलो. नवऱ्याला वाटत होतं एवढ्या लांब आलो तर माशाची भिंत बघून जाऊ, सासूबाई म्हणाल्या देव कुठे जात नाही. अडीचला निघून पाचच्या आत घरी.

शाळेतली_बाई | १९ डिसेंबर, सकाळी ७:५५

तिने अर्धा लाडू दिला ना, मग सगळं बोलली ती.

नवी_आई_नाशिक | १९ डिसेंबर, दुपारी १२:१०

मी पहिल्यांदाच लिहितेय, माझं बाळ दोन महिन्यांचं आहे. तापाचं विचारायचं होतं, बाहेर असताना ताप आला तर किती थांबायचं?

डच_गावची_सून | १९ डिसेंबर, दुपारी १:४०

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप आला तर थांबायचंच नाही, घरचं औषध नाही, सरळ डॉक्टर. म्हणून इतक्या लहान बाळाला जिथे नेता तिथून दवाखाना किती लांब आहे ते निघण्याआधी बघून ठेवा. दोन महिन्यांच्या बाळाला डास पळवायचं क्रीमही लावू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मच्छरदाणी.

पिल्लांची_आई | १९ डिसेंबर, रात्री ९:३५

अजून एक प्रश्न ओघात. येताना गाडीत सासूबाईंनी मुलीला हिरकणीची गोष्ट सांगितली, गडाचे दरवाजे बंद झाले तरी बाळासाठी कडा उतरून गेली ती. मुलीने लगेच विचारलं, हिरकणीला मोठी मुलगी होती का. सासूबाई म्हणाल्या असेल, तिनेच तर बाळाजवळ थांबून दिवा लावून ठेवला असेल. आता तिला रायगड बघायचाय. फेब्रुवारीत, बाळ तेव्हा साडेपाच महिन्यांचं होईल. रोपवेने कुणी गेलंय का एवढ्या लहानाला घेऊन?

भटका_बाबा | १९ डिसेंबर, रात्री १०:०८

गेलोय, धाकटी सात महिन्यांची असताना. रोपवे पाचेक मिनिटांचा, बाळाला त्रास काही नाही, त्रास रांगेचा. सकाळी पहिल्या फेऱ्यांना पोचायचं असेल तर पुण्याहून एका दिवसात करू नका, आदल्या रात्री पायथ्याच्या पाचाडला मुक्काम करा. ताम्हिणी घाट लागतो, मुलीचे चुरमुरे विसरू नका. वर सावली जवळजवळ नाही, दहाच्या आत खाली उतरायच्या हिशोबाने जा. बाजारपेठ आणि दरबारापर्यंत जा, हिरकणी बुरुजाकडे बाळाला घेऊन जाऊ नका, तिकडे कडा आहे. मुलीला लांबून दाखवा कुठे आहे ते. आणि सासूबाईंना पायथ्यापासूनच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत रोपवेने, त्यांना सांगा म्हणजे त्या येतील.

पिल्लांची_आई | १९ डिसेंबर, रात्री १०:२५

सांगितलं. पिशवी कुठली घ्यायची ते विचारतायत.